उतारावरची अदलाबदल

"झाडांची खोडं बुडाशी वाकतात, कुंपणाचे खांब उताराकडे कलतात, दारं चौकटीत अडकतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात," सातवीतल्या लेकीने एका दमात सांगून टाकलं. "बाबा, आपल्याकडे चारही आहेत. आपल्या घराखालची माती सरकतेय."

चष्मेवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. अर्ध्या गावाला चष्मे विकल्यामुळे आपल्याइतकं स्वच्छ कुणालाच दिसत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तो उठला आणि घराला एक फेरी मारून आला. स्वयंपाकघराचं दार अडकतं म्हणून तो गेली तीन वर्षं सुताराला शिव्या घालत होता. त्या दिवशी सुतार निर्दोष सुटला.

"आणखी काय शिकवलं?"

"एवढंच. धडा अर्धाच झाला, मग सुट्टी लागली."

"एवढं पुष्कळ झालं," तो म्हणाला.

लेकीला वाटलं, आता कुणीतरी जाणता माणूस येईल, पाया तपासेल, निदान आई सामान तरी बांधायला घेईल. आला तो रंगारी. तडे लांबी भरून बुजवले. दाराला रंधा मारला. खांब ओढून सरळ केले. झाडांचं काही करता येईना, तेव्हा ती मुळातच डौलदार आहेत, असं सांगायचं ठरलं.

प्रश्न उरला गिऱ्हाइकाचा. परका माणूस दहा प्रश्न विचारणार, शेजाऱ्यांकडे चौकशी करणार. म्हणून निवड सख्ख्या भावाची झाली.

धाकटा भाऊ त्याच उताराच्या पायथ्याशी, बरोबर खालच्या घरात राहायचा. घड्याळं दुरुस्त करायचा, कमी बोलायचा आणि दादाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा. चष्मेवाला चारचौघांत त्याला भोळा सांब म्हणायचा, आणि हे आपलं बंधुप्रेम आहे असं समजायचा.

"माझे गुडघे आता चढ मानत नाहीत रे," चष्मेवाला म्हणाला. "तू तरुण आहेस. तू वर जा. उजेड आहे, वारा आहे. मी आपला खाली पडून राहीन तुझ्या घरात."

"दादा, एवढं मोठं घर? मला?" भावाचे डोळे भरून आले. त्याने रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडावर धरून ठेवला.

"घरातल्या घरात कसलं लहान आणि मोठं!"

"काका, पण आमचे सर म्हणाले होते की—" लेक दारातून म्हणाली. आईने डोळे वटारले आणि तिला बटाटे सोलायला आत पाठवलं.

आठवडाभरात सह्या झाल्या. वरचं सामान खाली आलं, खालचं वर गेलं. चष्मेवाला त्या रात्री ढाराढूर झोपला. लेकीला मात्र झोप येईना. ज्या काकाने सायकलमागे धावत धावत तिला तोल सांभाळायला शिकवलं, त्यालाच बाबांनी तिने सांगितलेला धडा वापरून खड्ड्यात घातलं होतं. तिला बाबांचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती चढ चढून काकाकडे गेली. काका खिडकीशी बसून एका घड्याळाच्या पोटात सुई घालत होता. तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं: लांबी, रंधा, खांब, झाडं.

काकाने सुई बाजूला ठेवली. "अगं वेडे, ताजा रंग मला दिसत नाही होय? वास तर गल्लीभर सुटला होता."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"वर्षातून एकदा तडा बुजवला की झालं," काका म्हणाला. "इथे निदान फावडं तरी मारावं लागत नाही."

तिला काही उमगलं नाही. काकाने बिस्किटांचा डबा तिच्यापुढे केला आणि तिच्या डोक्यावर हात फिरवला. "बाबांना यातलं काही बोलू नकोस हं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे."

ती हलक्या मनाने उतरली. काका फसला नव्हता, एवढंच तिला पुरलं. पुढचे काही दिवस चष्मेवाला नव्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि वर बघून भावाला हात करायचा. भाऊही वरून मनापासून हात करायचा.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी थांबला. लेक घरातून निघाली तेव्हा बाबा परसात उभे राहून चढाच्या दिशेने ओरडत होते. "सख्ख्या भावाला फसवतोस? विश्वासघातकी!" हा शब्द तिला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

ती वर्गात पोचली तेव्हा तास सुरू झाला होता. तिच्या तळहातांवर फोड आले होते आणि पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही न विचारता आत घेतलं आणि फळ्याकडे वळले.

"तर आता धड्याचा उरलेला भाग. उतारावरून सरकलेली माती शेवटी जाते कुठे? कोण सांगेल?"

मागच्या बाकावरून एकच हात वर झाला.

"आमच्या घरी, सर."