तारीख उलटलेली पिशवी

वारास या डोंगराळ गावातल्या माझ्या स्वस्त लॉजवर बर्फाचे डोंगर चढायला परदेशी पोरं येतात आणि पैसे वाचवायला हातानेच रांधतात. फ्रिजचा नियम एकच. पिशवीवर नाव आणि डोंगरावरून परतायची तारीख लिहायची. तारीख उलटली की पिशवी कोणीही घ्यावी.

शुक्रवारी अर्जेंटिनाच्या ब्रूनोने गेल्या सोमवारची तारीख असलेली, लाउतारो नावाच्या पोराची पिशवी उघडली. आत चीज, अंडी आणि कणसं होती.

"एउलालिया मावशी, आज चंगळ! गाइडचे पैसे वाचवायला एकटा वर गेला आणि एवढं इथे विसरून घरी पळाला, येडा!"

मीही हसले, पोरांसोबत पोटभर जेवले आणि त्यांची खोली झाडायला गेले.



लाउतारोच्या पलंगाखाली त्याची मोठी बॅग, परतीच्या तिकिटासकट, तशीच होती.