भीतीचा फासा

चौघांनीही पुन्हा रणदेवच निवडला, तशी मी वैतागले. एकेका देवाचे भक्त बनून, फासे टाकत मोहिमेवर जायचा हा खेळ दर रविवारी मी चालवते. आरोग्यदेवीची पुजारीण व्हायला कुणी म्हणून तयार होत नाही.

"एवढं काय आहे गं त्या रणदेवात?"

"त्याच्या भक्ताला भीतीचा फासा टाकावा लागत नाही," ऋजुता हसली. बाकीच्या देवांच्या भक्तांना मात्र चारच्या वर पडलं, तरच पाऊल पुढे टाकता येतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हॉस्पिटलचा नंबर. तिच्या गाठीचा रिपोर्ट आज येणार होता. ऋजुताने तो उचलला नाही. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा भीतीचा फासा उचलला.

"चारच्या वर पडलं, तर घेते."

एक पडला.

फोन वाजतच होता. तीन वर्षांत मी कुणालाही फासा परत टाकू दिला नव्हता.

"परत टाक," मी म्हणाले.