सामानाचा अर्धा तास

"तीनशे दहा किलोमीटरला पन्नास मिनिटं!" वडील फोनवर म्हणाले. "आमच्या गाडीला अकरा तास लागायचे गं."

चौतीस वर्षं ते बस डेपोत टाइमकीपर होते. तिच्या गावाहून त्यांच्या गावाला विमान सुरू होऊन दीड वर्ष झालं, तरी हा आकडा त्यांच्या पचनी पडत नव्हता. ती अजून एकदाही त्या विमानात बसली नव्हती.

"पन्नास मिनिटं नुसती हवेतली, बाबा," ती ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली. "जमिनीवरचे वळसे कोण धरणार? विमानतळावर पोचायला दोन तास. दोन तास आधी हजर राहायचं. तिकडे उतरल्यावर पुन्हा दीड तास. दिवस मोडतो सगळा."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

"सामानाचा अर्धा तास राहिला तुझा."

"हो, तोही धरा."

"आणि विमानाला उशीर व्हायचाच. धर दोन तास. झाले बघ नऊ."

"बघा ना!"

"वाटेत रेल्वेचं फाटक नाही ना?" त्यांनी विचारलं. "आमचे ड्रायव्हर उशिराचं कारण म्हणून फाटकच सांगायचे. दिवसाला चारदा पडायचं ते. मी वहीत वीस-वीसदा पाडलंय."

ती हसली. तेही हसले. पुढच्या महिन्यात नक्की येते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वडिलांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. झोपेतच गेले होते.

तिनं बदलायचे कपडेही घेतले नाहीत. सात वीसला घराला कुलूप घातलं. चाळीस मिनिटांत विमानतळ आला. रांगेत तिच्यापुढे चारच माणसं होती. विमान वेळेवर सुटलं. खाली बसचा रस्ता दिसत होता, डोंगराला वेढे घालत चाललेला. तो डोंगर उतरून सपाटीला लागतोय तोच पट्टे बांधायची सूचना झाली.

वडिलांच्या दाराशी तिनं घड्याळ पाहिलं. ही सवय त्यांचीच. साडेदहा.

काकू दचकल्या. "आलीस? इतक्यात?"

तिनं दाराशी चपला काढल्या.

"अगं, तुला नऊ तास लागतात ना? कुणी म्हटलं, मुलगी कशी येत नाही, की खिशातला कागद काढून एकेक तास समजावून सांगायचे. पोरीचे हाल होतात म्हणायचे. म्हणून आम्ही बर्फसुद्धा संध्याकाळपर्यंत पुरेल एवढा मागवला."

पुढच्या खोलीत भिंतीलगत लाद्या रचल्या होत्या, पोत्यांत गुंडाळलेल्या. बऱ्याचशा तर उघडाव्याच लागणार नव्हत्या.

ती खाटेजवळ जमिनीवर बसली.

"सामान कुठंय गं तुझं?" काकूंनी हळूच विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. मग ती वडिलांकडे वाकली, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तीन तास दहा मिनिटं लागतात."