आवाजातली ऊब

"व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर नको, तो फार तापतो," नवरा म्हणाला. "ट्रान्झिस्टरचाच दाखवा. पण आवाज कोरडा नको. ऊब हवी."

"व्हॉल्व्हवर चहासुद्धा गरम होतो, साहेब," दुकानदार हसला. त्याने दुकानामागच्या ऐकायच्या खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरची रहदारी एकदम थांबल्यासारखी झाली. दोन उंच स्पीकर, समोर कोच, फळीवर दोन अॅम्प्लिफायर. नवरा ऐटीत मधोमध बसला. बायको कडेला टेकली.

नवऱ्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "यात हिचं गाणं आहे. लेकीने घरीच रेकॉर्ड केलंय. हेच लावा."

"अहो, माझं कशाला?" बायको म्हणाली. "दुसरं काहीतरी लावा ना."

"लाजतेस काय! घरच्या माणसाचा आवाज आपल्याला पाठ असतो. जरा इकडचा तिकडे झाला तरी कळतो. का हो?"

"अगदी बरोबर," दुकानदार म्हणाला. गिऱ्हाइकाचं तो कधी खोडत नसे.

पहिल्या अॅम्प्लिफायरवर आवाज स्वच्छ आला, पण टोचरा. नवऱ्याने नाक मुरडलं. दुकानदाराने दुसरा जोडला, आणि बायकोचा आवाज खोलीभर पसरला. श्वास घेतलेला कळत होता. ओठ मिटलेले कळत होते.

"हां! याला म्हणतात ऊब," नवरा डोळे मिटून म्हणाला. "वाढवा जरा."

दुकानदाराने आवाज वाढवला. पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत कुठेतरी मागे दार आपटलं, आणि एक पुरुषी आवाज आला. लांबून, पण शब्द न् शब्द कळेल असा.

"बंद कर ते रडगाणं! जरा घरात पाऊल ठेवावं तर हिचं सुरू. गळा नाही, काही नाही."

"हे कोण मधेच?" नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या.

दुकानदार अॅम्प्लिफायरच्या बटणांकडे बघत राहिला. बायकोने पर्सचा बंद घट्ट धरला होता.

मग नवऱ्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तो तापला. गाणं पुढे चालूच होतं, पण आता ती दबक्या आवाजात गात होती, शेजारी कुणी झोपलेलं असावं तशी. दुकानदाराने हळूच बटण फिरवून गाणं थांबवलं.

"घरच्या स्पीकरवर हे कधी ऐकू आलं नव्हतं," नवरा म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही.

"मला ऐकू यायचं," बायको म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती, तर त्याला काही उत्तर तरी देता आलं असतं. दुकानदारासमोर तिची माफी कशी मागायची, आणि नाही मागितली तर इथून उठायचं कसं, हेच त्याला सुचेना.

दुकानदाराला त्याची दया आली असावी. "आणखी एक आहे, साहेब," तो घसा खाकरून म्हणाला. "याच्याहून उबदार. मागचे बारीकसारीक आवाज त्यात एवढे उठत नाहीत. सगळं कसं मऊ होऊन येतं. पुष्कळ लोक तोच नेतात."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं नाही. "दाखवा," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, पण तो परत घेता येईना.

तिसरा अॅम्प्लिफायर जोडला गेला. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आवाज खरोखरच गोड होता, गोलाई असलेला, कुठेही न टोचणारा. बायकोची बोटं पर्सवर नकळत ताल धरू लागली. पहिलं कडवं संपत आलं तसा नवऱ्याने श्वास रोखला. दुकानदारानेही.

ती जागा आली. नुसतीच थोडी खरखर झाली आणि गेली.

"बघा!" दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. "हाच बांधू ना?"

दुसरं कडवं सुरू झालं होतं. नवरा बायकोच्या हाताकडे बघत होता. खरखर आली तिथेच बोटं थांबली होती. ती पुन्हा हलली नाहीत.