धूर गाळायचं मशीन

खुर्सीपार वस्तीच्या कडेला हेमराजची लोखंड ओतायची छोटी फाउंड्री होती. धूर गाळायचं मशीन बसवलं म्हणून सरकारनं त्याला अनुदान दिलं होतं. पण मशीन वीज फार खायचं, म्हणून तपासणी असली तरच तो ते चालवायचा.

या खेपेला तपासणी तीन दिवस चालली. साहेब लोक खूश झाले आणि पुढच्या अनुदानासाठी त्याच्या नावाची शिफारस करून गेले. त्यांची गाडी गेटाबाहेर पडताच हेमराजनं मशीन बंद करायला लावलं.

संध्याकाळी मागच्या गल्लीतली वच्छलाकाकू पेढे घेऊन आली. तिच्या नातीला, उन्नतीला, दमा होता.

"तीन दिवस झाले भाऊ, पोरीनं पंप हातात नाही घेतला. गल्लीत सारेच म्हणून राहिले, हेमराजभाऊचं मशीन सुरू झालं म्हणून. खरं काय?"

खरं काय ते हेमराजच्या अगदी ओठांवर आलं. पण तोंडून निघालं ते एवढंच, "हो काकू."

"डॉक्टर म्हणे, हिले इथून हलवा. गोंदियाले मामाकडे ठेवणार होतो, शाळेचा दाखला बी काढला होता."

पेढा हेमराजच्या तोंडात नुसता घोळत राहिला. तो कसाबसा म्हणाला, "मग... कधी निघून राहिली ती?"

काकूनं हसून आणखी एक पेढा त्याच्या हातावर ठेवला.



"आता कायले जाते! दाखला आजच वापस केला ना भाऊ, तुमच्याच भरवशावर."