सरांचा दगड

मेव्हणीचं लग्न मोडलं, त्याच वर्षी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस धरू नका. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी जावयाच्या हातात एक काच ठेवली. काचेवर दगडाचा काप चिकटवलेला होता, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

"माझा दगड," ते म्हणाले. "नव्या यंत्राखाली घाल. काय निघतं ते येऊन सांग."

जावई आधी त्यांचा विद्यार्थी. लग्नानंतरही तो त्यांना सरच म्हणायचा. प्रयोगशाळेतली पोरं त्यांना मागून कानस म्हणत, कारण ते ज्याच्यावर फिरत त्याचा भुगा पाडत. आभाळातून पडलेला एक काळा दगड चंद्रावरचा आहे, हे त्यांनी तरुणपणी दाखवून दिलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. तो दगड ते कपाटात कुलपात ठेवत. आता त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, हे त्यांच्या एका शब्दावर ठरायचं होतं. दावेदार दोघे होते: एक जावई आणि दुसरा, सगळे ज्याला टकल्या म्हणत, तो सहकारी. टकल्या तर सरांना डोळ्यांसमोर नको असायचा.

जावयाने काप यंत्राखाली घातला. पायरोक्सिन होतं, प्लॅजिओक्लेज होतं. ही खनिजं चंद्रावरच्या दगडांत असतात, तशी लघुग्रहांच्या दगडांतही असतात. दगड कुठल्या घरचा, ते पायरोक्सिनमधल्या लोह आणि मँगनीजच्या प्रमाणावरून कळतं. चंद्राच्या दगडात लोह मँगनीजच्या साठ पटींच्या आसपास भरतं. इथे तीस पट भरलं. त्याने दुसरा कण घेतला, मग आणखी काही घेतले. आकडा तिसाच्या पुढे सरकेना. दगड चंद्राचा नव्हता.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"ऐका ना," ती म्हणाली. "बाबांचा जन्म गेला त्या दगडात. चार दिवसांचे सोबती आहेत ते. तुमचं खरं तेवढे दिवस तुमच्यापाशी ठेवलंत, तर काय बिघडेल?"

"सरांशी खोटं बोलू?"

"माझ्यासाठी." ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या उशाशी बसला. बायकोही सोबत होती.

"चंद्राचाच आहे, सर."

"लोह-मँगनीज किती?"

"बासष्ट."

सरांनी डोळे मिटले. जावयाला वाटलं, समाधानाने.

"हाच काप मी टकल्यालाही दिला होता," सर म्हणाले. "त्याने तोंडावर सांगितलं, सर, तीस भरतंय, हा चंद्राचा नाही. बरोबर सांगितलं. काप माझ्या दगडाचा नव्हताच."

"सर, तुमची अवस्था बघून मी..."

"माझी अवस्था मी बघीन. तू कण बघायचे होतेस."

"खरा दगड द्या. आजच्या आज तपासतो."

"देईन की! पण जावईबापू, आता तू साठ म्हणालास काय आणि तीस म्हणालास काय, तुला विचारतो कोण?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती बापाची उशी सारखी करत होती.

"तो खरं सांगायला निघाला तर रड, असं तिला मीच सांगितलं होतं," सर म्हणाले.

"मला वाटलं होतं, तुम्ही माझं ऐकणार नाही," ती उशीकडे बघतच म्हणाली.

खुर्ची टकल्याला मिळाली. जावई त्याच्या हाताखाली काप घासत राहिला. पुढच्या महिन्यात सरांना उतार पडला. काठी टेकत ते प्रयोगशाळेत येऊ लागले. येता-जाता जावयाच्या टेबलाशी थांबायचे. "किती भरलं रे? का बायकोला विचारून सांगतोस?" पोरं माना खाली घालून हसायची.

सर वारले ते त्यानंतर नऊ वर्षांनी, हिवाळ्यात, दुपारचं पोटभर जेवण झाल्यावर.