विहिरीमागचा कोपरा

ऐक, मधे काही विचारू नको, नुसतं ऐक. चाळीस मिनिटं झाली होती आणि सारिकाताई मरत नव्हती. एका टोकनवर, बरं का! अमळनेर स्टँडसमोर मोतीलालचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे ना, तिथे. बाहेर सावलीत आखाजीच्या सणाचे पत्ते मांडून बसलेली माणसं डाव टाकून आत घुसली होती.

"कितला येळ व्हयना, ही पोर मरस नही!" एक म्हातारा म्हणाला.

"नाना, तुम्ही तर दोन मिन्टात तीनदा मेले होते," मागून कोणीतरी.

सगळे हसले. तिचा भाऊ गोपाल तर अशी छाती काढून उभा की जसं तोच खेळतोय. "मनी बहीण शे," जो येईल त्याला सांगत होता.

ते मशीन मोतीलालने धुळ्याच्या भंगारातून उचललंय. आपण लहानपणी जंगलवीर खेळायचो, आठवतं? कुऱ्हाड घेऊन दिसेल त्याला उडवत जायचं. त्याच मालिकेतला हा एक जुना खेळ. पण यात जंगलवीर भुलभुलैयात अडकलाय आणि त्याच्याकडे कुऱ्हाडच नाही. काहीच नाही. चावी शोधायची, दार उघडायचं, बाहेर पडायचं. मागे चार भुतं. लहानपणी त्या कुऱ्हाडीच्या खेळात ताई ओरडत सरळ भुतांच्या अंगावर जायची आणि गोपाल तिचा फ्रॉक धरून मागे लपायचा.

तिला चोपड्याला देऊन तीन वर्षं झाली. आखाजीला सगळ्यांच्या पोरी माहेरी येतात, हिला दोन वर्षं पाठवलंच नाही. यंदा चार दिवस मिळाले. त्या दिवशी दुपारी अमृतदाजी न्यायला आले. गोड माणूस, रे. आल्या आल्या सगळ्या गल्लीला कुल्फी. ताईने त्यांना पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहिली. किती वेळ! गोपालने चिडवलं पण, "अजून लाजतेस काय गं?"

साडेपाचची बस. स्टँडवर लवकर पोचले. दाजी पान खायला गेले आणि गोपाल तिला ओढतच दुकानात घेऊन आला.

तर आता चाळीस मिनिटं झालेली. तोवर गोपाल लोकांची तोंडंच बघत होता. मग त्याने स्क्रीन बघितली. जंगलवीर कुठे जातच नव्हता. खाली डाव्या हाताला एक विहीर आहे, तिच्यामागे जरासा कोपरा. ताई त्या कोपऱ्यात. दोन पावलं वर, दोन पावलं खाली. एक भूत यायचं, अगदी शिवेल असं वाटायचं, आणि वळून जायचं. परत यायचं, परत जायचं. चावी तर तिने केव्हाच घेतलेली. वर दार उघडं, लुकलुकत होतं.

"ताई, दार उघडं आहे ना! पळ की!"

तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"दाराकडे गेलं की चौघं एकदम येतात, गोपू," ती हळूच म्हणाली. "इथे एकच येतो. आणि त्याची वेळ मला पाठ झालीये."

गोपाल हसला. म्हणजे तोंड हसलं, पण मधेच थांबलं.

"चला, बस लागली." मागून दाजी. आवाज अजिबात चढवला नाही. ताईच्या हातातून मशीनची दांडी सुटली. तिने वळून स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. लोक ओरडले, "अरे, अरे!" चाळीस मिनिटं टिकवलेला जीव तिथल्या तिथे खलास. दाजी पुढे व्हायला लागले तशी ती भिंतीला चिकटली. अख्खा माणूस जाईल एवढी जागा होती, तरी चिकटली. गोपालने ते बघितलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दिवाळीच्या आधी ताई एकदा एकटीच आली होती. पायात चप्पल नाही, हातात एक पिशवी. दंडावरचं काळंनिळं तिने सगळ्यांना दाखवलं. घरात तेव्हा चौघं होती. आई म्हणाली, जेवून घे, पण अंधार पडायच्या आत परत जा. आबा म्हणाले, भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुनाकाका म्हणाले, अमृतरावाला मी ओळखतो, माणूस वाईट नाही. आणि चौथ्याने मोटरसायकल काढली, तिला मागे बसवलं, तापीचा पूल ओलांडून चोपड्याला सोडून आला. तिथे चहा पण पिऊन आला.

चौथा गोपाल होता.

तर आता बघ. दाजी खिडकीपाशी जागा धरून बसलेत. "मेव्हणे, द्या ना लवकर!" हसत हात हलवतायत. कंडक्टरने बेल मारली. ताई पायरीवर उभी, पिशवीसाठी हात पुढे केलेला. डोळ्यांत ना राग, ना पाणी. गोपालकडून तिला काही नकोच आहे, तिचीच पिशवी तेवढी हवीये. आणि गोपालच्या मुठीतून पिशवी सुटत नाहीये. ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवतोय, अख्खी बस त्याच्याकडे बघतेय.

तू असतास तर काय केलं असतंस, सांग.